आबांचं रगत गेलं कुठं?

परवाच्या रक्तदान शिबिरातली गोष्ट. फर्स्ट इयरचा एक पोरगा मोठ्या उत्साहानं बाही वर करून रांगेत उभा होता. रक्तपेढीच्या ताईंनी त्याचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडला. थेंब काही बुडेना. "हिमोग्लोबिन कमी आहे रे, या वेळी नको," ताई म्हणाल्या. झालं! मागून कोणीतरी ओरडलं, "मेसमधली पालकाची भाजी टाकतोस ना, भोग आता!" अख्खी रांग हसली.

(ते निळं द्रावण म्हणजे मोरचूद. त्याची सापेक्ष घनता १.०५३ ठेवलेली असते. हिमोग्लोबिन साधारण १२.५ ग्रॅमच्या वर असेल तरच थेंब त्यात पटकन बुडतो. फ्लुइड मेकॅनिक्स आपल्याला असंही भेटतं.)

मला मात्र हसू आलं नाही. कारण अशाच एका कमी हिमोग्लोबिनला मी स्वतः "गूळ-शेंगदाणे खा" एवढंच उत्तर दिलं होतं, आणि तेही माझ्या वडिलांना. त्यात पाच महिने वाया गेले. त्या पाच महिन्यांत त्यांच्या शरीरात खरं काय चाललं होतं, ते या लेखात सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. डॉक्टरांना विचारून विचारून जे डोक्यात शिरलं, ते आपल्या भाषेत मांडतो.

वाया गेलेले पाच महिने

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. आबा शेती करतात. दोन वर्षांपूर्वी, मी एस.ई.ला असताना, जूनमध्ये आईचा फोन आला. "आबा लई दमायलेत रं. रानात जाताना दोनदा बसावं लागतंय." जेवणही कमी झालं होतं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं. रात्री बनियन घामानं भिजायचं. मी सबमिशनच्या गडबडीत होतो. म्हटलं, "ऊन, वय, दुसरं काय! हिमोग्लोबिन तपासून घ्या."

जवळच्या एका लॅबमध्ये फक्त हिमोग्लोबिनच तपासलं. ८.९ निघालं. पुरुषांत ते १३ ग्रॅमच्या वर हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, घरात गूळ-शेंगदाणे आले, बीट आलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ८.१! मी फोनवर आबांवरच चिडलो, "गोळ्या नेमानं घेत नाही तुम्ही." ते काही बोलले नाहीत. गोळ्या ते नेमानंच घेत होते, हे मला नंतर कळलं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिलं, चेहरा उतरलेला आणि पोट मात्र डावीकडून पुढं आलेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि लगेच सी.बी.सी. म्हणजे संपूर्ण रक्ततपासणी लिहून दिली. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. पांढऱ्या पेशी १,८६,०००. असायला हव्यात ४ ते ११ हजार. मला वाटलं, छापताना शून्य जास्त पडलं असेल. तसं नव्हतं. मोठ्या रुग्णालयात कंबरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली आणि नाव कळलं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सी.एम.एल. रक्ताचा कर्करोग.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणता, मग रगत कमी कसं झालं? माझं रगत गेलं कुठं?"

शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "अहो, पांढऱ्या पेशी तांबड्या पेशींना खातात." मलाही तेव्हा तसंच वाटायचं. गावोगाव हेच सांगतात. पण ते खरं नाही. इथं कोणी कोणाला खात नाही. गोष्ट जागेची आहे.

रक्ताचा कारखाना

मणके, कंबरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या यांच्या आत अस्थिमज्जा असते, जिला आपण बोनमॅरो म्हणतो. तिथल्या मूळपेशींपासून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त गोठवायला मदत करतात. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. रोज मरणाऱ्यांची भरपाई म्हणून आपली मज्जा दर सेकंदाला अंदाजे २० लाख नव्या तांबड्या पेशी बनवते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्या असतील.

आता एक कोडं. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी ५० लाखांच्या आसपास आणि पांढऱ्या काही हजार. मग कारखान्यात जास्त जागा कोणाला असेल? मी म्हणालो, तांबड्यांना. डॉक्टर हसले. मज्जेत तांबड्यांच्या घराण्यातली एक पेशी असेल, तर पांढऱ्यांच्या घराण्यातल्या साधारण तीन असतात. कारण पांढऱ्यांतल्या बहुतेक पेशी रक्तात आल्यावर काही तास ते काही दिवस टिकतात, तांबड्या चार महिने. टिकाऊ माल कमी बनवला तरी गोदाम भरलेलं राहतं. म्हणजे तांबड्या पेशींचं खातं आधीपासूनच एक चतुर्थांश जागेत चाललेलं असतं.

या खात्यावर देखरेख मूत्रपिंडाची. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि मज्जेला सांगतं, तांबड्या पेशी वाढवा. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातला क्लोज्ड लूप, तोच. सेन्सर, सिग्नल, प्रक्रिया, सगळं आहे.

अडकलेला स्विच

सी.एम.एल. एका मूळपेशीतल्या चुकीपासून सुरू होतो. पेशी दुभंगताना क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जोडले जातात. २२ नंबरचं गुणसूत्र त्यामुळे आखूड दिसतं. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी ते पाहिलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ही अदलाबदल आहे, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं.

या चुकीच्या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. ते म्हणजे "वाढा, वाढा" असा हुकूम देणारा स्विच, आणि तो कायम चालू. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले की मोटर बंदच होत नाही, तसं. त्या एका पेशीची पिल्लावळ मग वाढतच जाते, आणि तिचा ओढा पांढऱ्या पेशी बनवण्याकडे असतो.

हा आजार आईवडिलांकडून येत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आबा काही दिवस आपलं ताट वेगळं ठेवायला लागले होते.

मग तांबड्या पेशी कमी का?

पहिलं आणि मोठं कारण जागा. हाडाच्या आतली पोकळी काही रबरासारखी ताणत नाही. निरोगी मज्जेत ३ ला १ असलेलं प्रमाण सी.एम.एल.मध्ये १० ला १, २० ला १, कधी त्याहूनही पुढं जातं. हिशोब करा: २५ टक्क्यांवरून तांबड्यांचा वाटा ९ टक्क्यांवर, मग ५ टक्क्यांच्याही खाली. मूत्रपिंड ओरडून सिग्नल देत असतं, पण मज्जेत तो सिग्नल ऐकून काम करायला तांबड्यांच्या पेशी उरलेल्याच नसतात. लूप शाबूत, पण मशिनं दुसऱ्यानं अडवलेली.

मग हे पटकन लक्षात का येत नाही? दोन कारणं. प्रौढ माणसाच्या मज्जेत निम्म्याच्या आसपास जागा चरबीची असते. बिघडलेल्या पेशी आधी ही पडीक जागा व्यापतात, त्यामुळे सुरुवातीला तांबड्यांना फारसा धक्का बसत नाही. दुसरं, तांबडी पेशी १२० दिवस टिकते. समजा उत्पादन आज पूर्ण बंद पडलं, तरी उद्या रक्तात एकशेविसावा हिस्साच कमी होईल. हिमोग्लोबिन जिना उतरल्यासारखं हळूहळू उतरतं आणि शरीर त्याची सवय करून घेतं. आबा "दमतोय" म्हणत होते, आजारी आहे असं म्हणत नव्हते, ते यामुळेच.

दुसरं कारण पानथरी, म्हणजे प्लीहा. डाव्या बरगडीखाली असणारी ही आपल्या रक्ताची गाळणी. एरवी वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. सी.एम.एल.मध्ये बिघडलेल्या पेशी तिथंही ठाण मांडतात आणि ती कित्येक पट फुगते. फुगलेली पानथरी जठराला दाबते, म्हणून अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं. शिवाय ती तांबड्या पेशी स्वतःत अडकवून ठेवते, थोड्या वेळेआधीच मोडते. आणि पानथरी फार वाढली की रक्तातला पातळ द्रवही वाढतो, म्हणजे उरलेल्या पेशी आणखी विरळ होतात. वरणात पाणी वाढवल्यासारखं.

बाकीची कारणं त्यामानानं छोटी. आजारामुळे शरीरात दाह चालू असतो, त्यानं साठवलेलं लोह नीट वापरलं जात नाही. आणि आजार पुढच्या टप्प्यात गेला की प्लेटलेटही कमी पडून रक्तस्राव होऊ शकतो.

आता लोहाच्या गोळ्यांचं कोडं सुटतं. लोह हा हिमोग्लोबिनचा कच्चा माल. माल कमी असेल तर माल आणून काम भागतं. पण आबांच्या कारखान्यात माल पडून होता, मशिनं मोकळी नव्हती. वर कितीही लोह ओतलं तरी काय होणार? आणि हे ओळखायची खूण रिपोर्टमध्ये असते: एम.सी.व्ही., तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० हवं. लोह कमी असेल तर पेशी लहान निघतात, एम.सी.व्ही. ८० च्या खाली जातो. आबांचा ८८ होता. पेशी थोड्या होत्या, पण ज्या होत्या त्या व्यवस्थित घडलेल्या होत्या.

गोळी आणि चार दिवस

सी.एम.एल.वर औषध आहे, आणि ते जबरदस्त आहे. बीसीआर-एबीएल हा स्विच एटीपीवर चालतो. एटीपी जिथं बसतं, त्याच खाचेत इमॅटिनिब नावाचं औषध जाऊन बसतं आणि स्विच बंद पडतो. ब्रायन ड्रुकर, निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ते आलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण चार-पाच वर्षांच्या आसपासच जगत. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतरही शंभरातले सुमारे ८३ जण हयात होते. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला लाखाच्या वर खर्च यायचा. भारतीय कंपन्या तेच औषध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत देत होत्या. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. आबांची रोजची ४०० मिलिग्रॅमची गोळी आम्हाला परवडते, त्याच्या मागं हा निकाल आहे.

गोळी सुरू झाली. पाचव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी १,८६,००० वरून ९,००० वर आल्या. आणि हिमोग्लोबिन? ७.२!

आठवड्याभरानं आईचा फोन. "चार दिस झालं, गोळी घेईनात." मी रात्रीची एसटी पकडली.

आबा रानात बांधावर बसले होते. म्हणाले, "गोळीच्या आदी आठ हुतं, गोळी खाऊन सात झालं. ह्यो कसला इलाज?" त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. आकडे तेच सांगत होते. मी त्यांना सेन्सर आणि फीडबॅक समजावू लागलो. वहीत ब्लॉक डायग्रॅमसुद्धा काढली. ते माझ्याकडे दयेनं बघत राहिले.

समोर ओढ्याकाठचं आमचं रान होतं. तीन वर्षं त्यात हरळी माजली होती. खत टाकलं तरी शाळू येईना. मागल्या उन्हाळ्यात आबांनी ते खोल नांगरून हरळीच्या काश्या वेचून काढल्या होत्या. मी विचारलं, "आबा, हरळी होती तेव्हा त्यात चार ताटं तरी शाळूची उभी होती. नांगरल्यावर काय राहिलं?"

"काय न्हाई. उघडं पडलं."

"मग नांगरट चुकली का?"

ते गप्प झाले. मग मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. या आजारात मूळपेशीच बिघडलेली असते, त्यामुळे उरल्यासुरल्या तांबड्या पेशींतल्याही बऱ्याच त्या बिघडलेल्या घराण्यातूनच येत असतात. गोळीनं ते घराणं दबलं की त्यांचाही पुरवठा थांबतो. चांगल्या मूळपेशी तोवर कोपऱ्यात दबून असतात. त्यांना पसरायला, माल काढायला आठवडे लागतात. मधला काळ उघड्या रानाचा. शिवाय गोळीचाही तांबड्या पेशींवर थोडा परिणाम असतो. म्हणून डॉक्टर सारखं रक्त तपासतात, लागलं तर डोस बघतात. पण ते डॉक्टरांनी बघायचं, आपण नाही.

"आणि हरळीचं एक कांडं राहिलं तर?" मी विचारलं.

"परत समदं रान खाती," आबा म्हणाले. थोड्या वेळानं उठले. "म्हंजी रान उघडं पडलंय म्हना की. चल, जेवून गोळी घ्यायची हाय."

बाटलीभर रक्त

आजार कळला तेव्हाच मी म्हटलं होतं, "डॉक्टर, ८.१ आहे, लगेच रक्त चढवा ना." ते म्हणाले होते, आत्ता नको. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या असताना वरून रक्त चढवलं तर आधीच घट्ट झालेलं रक्त आणखी घट्ट होतं, बारीक नळ्यांतून वाहायला त्रास होतो. व्हिस्कॉसिटी, दुसरं काय! ७.२ ला आबांना धाप लागायला लागली, पण तोवर पांढऱ्या पेशी खाली आल्या होत्या. मग एक पिशवी चढवली. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं. तेवढ्यावर ते उघड्या रानाचे दिवस निघाले. आपल्या होस्टेलमधले चौघे जण त्या वेळी पी.एल. चालू असताना इतक्या लांब येऊन रक्तपेढीत रक्त देऊन गेले. त्यांची नावं लिहू नको असं त्यांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. रेक्टर सरांनी न विचारता रजेवर सही केली, तेही इथंच नोंदवतो.

तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.४ झालं, नवव्यात ११.६. आज १२.४ आहे. पानथरी हाताला लागत नाही. आबा दोन भाकऱ्या खातात. बीसीआर-एबीएल मोजायची पी.सी.आर. तपासणी ठरलेल्या वेळी होते. वर्षानुवर्षं ती अगदी तळाला राहिली तर काही रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवताही येते. आबांचं ते अजून लांब आहे. सध्या रोज दुपारच्या जेवणानंतर गोळी, वर तांब्याभर पाणी. एकही चुकवायची नाही.

शेवटी, तुमच्यासाठी

घाबरवायला हे लिहिलेलं नाही. सी.एम.एल. लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होतो. होस्टेलमध्ये ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघतं, त्यांतल्या बहुतेकांना, विशेषतः मुलींच्या होस्टेलमध्ये, खरंच लोहच कमी असतं, आणि ते गोळ्यांनी भरून येतं. सांगायचं एवढंच की हिमोग्लोबिन कमी, हे उत्तर नाही, तो प्रश्न आहे. माल कमी आहे, की गळती आहे, की मशिनं अडवलेली आहेत, हे शोधायला लागतं.

म्हणून नुसतं हिमोग्लोबिन तपासू नका, सी.बी.सी. करा. फार खर्चाची तपासणी नाही. त्यात हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि एम.सी.व्ही. या ओळी वाचा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या महिना-दोन महिने नीट घेऊनही आकडा हलत नसेल, तर रुग्णावर चिडू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. आणि घरून फोनवर "दमायला होतंय" असं कोणी म्हणालं, तर सबमिशन बाजूला ठेवून आणखी दोन प्रश्न विचारा. जेवण किती जातं? रात्री घाम येतो का? मी ते विचारले नव्हते.

फर्स्ट इयरच्या त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो. हिमोग्लोबिन १०.८, पांढऱ्या पेशी ७,२००, एम.सी.व्ही. ७१. डॉक्टर म्हणाले, लोह कमी आहे, तीन महिने गोळ्या घे, मग परत तपासू. त्याला हायसं वाटलं. मला त्याच्यापेक्षा जास्त.

पालकाची भाजी मात्र तो अजूनही टाकतोच.

(बी. ई. मेकॅनिकल)